मोठे विमान पोळ्याच्या तोरणातून न उतरविण्याबाबत

प्रति,
मा. विमान-उतरणी व्यवस्था अधिकारी साहेब,
तात्पुरते कार्यालय, डाक बंगला,
धामणगाव बढे, जि. बुलढाणा.

अर्जदार: जानराव महादेवराव मापारी, धंदा शेती, वय ५८,
रा. मौजे कोथळखेड, ता. मलकापूर.

विषय: पोळ्याच्या दिवशी येणाऱ्या मोठ्या विमानास दुसरी धावपट्टी नेमून मिळणेबाबत.

संदर्भ: मोठ्या विमानाबाबतचे आपले दि. ४ जुलैचे पत्र, जे चावडीवर चिकटविले असून निम्मे पावसाने भिजले आहे.

महोदय,

१. सविनय अर्ज करतो की, सरकारने आमचे गावी मुरमाची धावपट्टी केली ती नेमकी पोळ्याच्या मैदानावर. गावालगतचे बाकी शिवार काळ्या मातीचे असल्याने श्रावणात तेथे बैल गुडघाभर फसतो. सबब पोळा पट्टीवरच भरतो व तोरणही पट्टीवरच आडवे बांधतात. आमच्या चालीप्रमाणे हे तोरण मानकऱ्याच्या बैलाने तोडावयाचे, मग पोळा फुटला असे समजून बाकीच्या जोड्या निघतात. हा मान तीन पिढ्या आमच्या घरी आहे.

२. गतवर्षी मा. पाहुणे पोळा पाहण्यास लहान विमानाने आले. माझा बैल मोऱ्या पाठीवर मखर घेऊन तोरणापासून वीस पावलांवर उभा असता विमान त्याच्या आधी तोरणातून गेले. विमानाच्या चाकात आंब्याची पाने निघाली. विमानचालकाने पाने झटकली व चहा घेतला. त्याचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

३. तथापि ग्रामपंचायतीने सात विरुद्ध दोन मतांनी ठराव केला की, तोरण तोडील तो मानकरी, तोरण विमानाने तोडले, सबब मान विमानाचा. मी हरकत घेतली की मानकऱ्याची गावात चूल असावी लागते. हरकत नामंजूर झाली. दोन मतांपैकी एक माझे होते. दुसरे कोणाचे ते अद्याप कोणी कबूल करीत नाही.

४. आता जिवाच्या धोक्याची बाब. गतवर्षी तोरण तुटल्याचे विमानास कळलेसुद्धा नाही, हे गावाच्या मनाला लागले आहे. म्हणून माझे चुलत बंधू व उपसरपंच निवृत्ती मापारी यांनी यंदाच्या दोरात लोखंडी तार गुंफली असून दोन्ही बाजूंस सागाचे खांब पुरले आहेत. मी धोका दाखविला असता त्यांनी उत्तर दिले की, "मोठं इमान हाय, मोठं तोरण लागन." साहेब, हा मनुष्य वाईट नाही. त्याला मान करणे ठाऊक आहे, विमान ठाऊक नाही.

५. यावर तोड म्हणून मी माझ्या बरडाच्या शेतातील सात एकर उभी बाजरी कापून दुसरी पट्टी तयार केली आहे. लांबी तीन हजार फूट, मुरूम पक्का. महिनाभर मी व माझी पत्नी सत्यभामाबाई यांनी दगड वेचले व कडेने चुना मारला. बाजरी कापताना ती एवढेच म्हणाली की, "इमानाले काय कयते मान कोनाचा? तुमाले कयते नं, मंग कापा." मोठ्या विमानास ही पट्टी नेमून द्यावी. मोबदला नको.

६. हेही जमत नसेल, तर विमानाने मोऱ्यानंतर उतरावे. आभाळात दोन घिरट्या जास्त घेतल्याने कोणाचे काही जात नाही. मोऱ्या अठरा वर्षांचा आहे. अकरा पोळे तो पुढे चालला, बारावा हुकला. यंदा उठताना त्याला मागून हात द्यावा लागतो. पुढील पोळ्याला तो नाही, हे मला कळते व त्यालाही कळत असावे. मला फार वाईट वाटते. अर्जात असे लिहीत नाहीत हे ठाऊक असून लिहिले आहे.

७. पोळ्यापूर्वी हुकूम न आल्यास दि. ३० ऑगस्ट रोजी दुपारी तीन वाजता मी मोऱ्यास घेऊन जुन्या पट्टीवर तोरणाच्या अलीकडे उभा राहीन. विमानचालकास आगाऊ कळवावे की, बैल पांढरा असून शिंगे तांबडी रंगविलेली असतील. त्याला ऐकू येत नाही, त्यामुळे तो बाजूला होणार नाही. मला ऐकू येते. मीही होणार नाही.

आपला नम्र,
व गतवर्षापर्यंतचा मानकरी,
जानराव महादेवराव मापारी
(सही)

कोथळखेड, दि. १३ ऑगस्ट १९६२

सोबत: १) ठरावाची नक्कल. २) नव्या पट्टीचा हातनकाशा. ३) तोरणाच्या तारेचा वीतभर तुकडा, जाडी पाहण्याकरिता.