टर्मिनल उघडताच उमटणाऱ्या म्हणींबाबत

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
दुरुस्ती कार्यशाळा,
मुख्य इमारत, वरचा मजला.

विषय: भांडारातील टर्मिनल उघडताच आपोआप उमटणारे अनावश्यक संदेश बंद करणेबाबत, व त्यामागे कोणाचा हात आहे याची चौकशी होणेबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराने आपल्या दालनाबाहेर केलेली तोंडी तक्रार.
२) त्यावर आपण जिना उतरता उतरता दिलेले "बघू" हे उत्तर.

महोदय,

१. अर्जदार ही आपल्या कार्यशाळेच्या मुख्य भांडाराची भांडारपाल असून बेअरिंग, पट्टे, नटबोल्ट व वंगणाचे डबे तिच्या ताब्यात आहेत. आजवर एक वायसरसुद्धा तिच्या नजरेतून सुटलेला नाही. हे स्वतःचे कौतुक नव्हे. पुढचा मजकूर कोण्या वेंधळ्या बाईने लिहिला आहे असा आपला ग्रह होऊ नये, एवढ्यासाठीच नमूद केले आहे.

२. भांडारात लिनक्सवर चालणारे टर्मिनल देण्यात आले आहे. काळा पडदा आणि पांढरी अक्षरे. नाव व पासवर्ड टाकला की काम सुरू व्हावे, एवढीच कोणाचीही अपेक्षा असणार. प्रत्यक्षात यंत्र आधी स्वागत करते, मग किती अपडेट बाकी आहेत ते ऐकवते, आणि त्यानंतर अर्जदार याआधी केव्हा व कुठून आत आली होती हे तिलाच सांगते. अर्जदार केव्हा आली आणि केव्हा गेली, ही विचारपूस तिच्या यजमानांनी हयातभर केली नाही, ती या डब्याने का करावी हे कळत नाही. तरीही अर्जदाराने ते सोसले. परंतु संगणक कक्षाचा कार्यभार अर्जदाराच्या सुनेकडे आल्यापासून या सगळ्याच्या तळाशी रोज एक म्हण उमटू लागली आहे. सदर सून ही अर्जदाराची एकुलती एक सून असून दोघी एकाच घरात राहतात, ही बाब चौकशीत महत्त्वाची धरावी.

३. म्हणी वरवर साध्या वाटतात. त्यांची वेळ मात्र साधी नाही. भांडारातून लेथवाल्याकडे चुकीचा पट्टा गेला आणि अर्जदाराने दिव्याचा उजेड कमी असल्याचे कळविले, त्याच्या दुसऱ्या सकाळी पडद्यावर आले, "नाचता येईना अंगण वाकडे." नवीन चष्मा लावून आली त्या दिवशी, "नाकापेक्षा मोती जड." हा काय प्रकार आहे म्हणून संगणक कक्षाच्या काचेतून सहज डोकावून आली, तर परत येऊन टर्मिनल उघडताच "चोराच्या मनात चांदणं." शेजारच्या टेबलावरील जावक लिपिक, ज्यांना सगळे घड्याळभाऊ म्हणतात, ते म्हणाले, "बाई, मला तर 'खायला काळ भुईला भार' आली, मी कोणावर संशय घेऊ?" परंतु घड्याळभाऊंची सून संगणक कक्षात नाही, तेव्हा त्यांचे उदाहरण येथे लागू पडत नाही. लेकी बोले सुने लागे, हे अर्जदार लहानपणापासून ऐकत आली आहे. यंत्रा बोले सासू लागे, हे मात्र याच कार्यशाळेत पाहावयास मिळाले.

४. अर्जदाराने घरी सुनेस सरळ विचारले. ती चहा गाळता गाळता म्हणाली, "आई, यंत्र चिठ्ठी उचलतं तशी म्हण उचलतं. त्याला काय माहीत समोर कोण बसलंय?" हे उत्तर फारच गुळगुळीत वाटल्याने अर्जदाराने उपाय मागितला. त्यावर सुनेने सांगितले, "सोपं आहे. तुमच्या होममध्ये एक रिकामी फाइल ठेवायची. नावाआधी टिंब द्यायचं, म्हणजे ती कोणाला दिसत नाही. ती तिथे असली की यंत्र मुकाट्याने बसतं, काही बोलत नाही." अर्जदाराने त्याप्रमाणे भांडारातून एक नवीन पुठ्ठ्याची फाइल रीतसर स्वतःच्या नावे काढली, तीत एकही कागद नाही याची खात्री केली, वर काळ्या शाईने ठळक टिंब दिले आणि ती घरी नेऊन स्वयंपाकघरातील फळीवर डब्यांना टेकवून उभी ठेवली. टिंब दिल्यावर ती दिसत नाही असे सांगण्यात आले होते, परंतु घरात पाऊल टाकताच चिरंजीवांना ती दिसली. सुनेलाही दिसली. तिने फाइलकडे पाहिले, अर्जदाराकडे पाहिले आणि तोंडाला रुमाल लावून ती आतल्या खोलीत गेली. हसली की खोकली, हे दाराआडून समजू शकले नाही.

५. दुसऱ्या दिवशी यंत्र गप्प बसले का, तर नाही. "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही," असे उमटले. त्याच दिवशी घड्याळभाऊंनी जाता जाता विचारले की सूनबाईंनी कर्मचारी वसाहतीत क्वार्टरसाठी अर्ज केला आहे, तर बाई आता एकट्या राहणार का. सदर अर्जाबद्दल घरात कोणी चकार शब्द काढलेला नव्हता. चिरंजीवांना विचारले असता ते म्हणाले, "अगं, नुसता अर्ज आहे. मिळायला वर्षं लागतात." नुसता अर्ज कसा असतो हे अर्जदारास पुरते ठाऊक आहे, कारण तीही सध्या तेच करीत आहे. यावरून सगळा डाव उघड होतो. आधी यंत्राकरवी रोज एक टोमणा मारायचा, म्हणजे सासू चिडेल. सासू चिडली की आमचं जमत नाही म्हणायचे, आणि मुलाला घेऊन वेगळे बिऱ्हाड करायचे. अर्जदाराचे घर दोन खोल्यांचे आणि एका स्वयंपाकघराचे आहे. तिघांना ते जेमतेम पुरते, पण एका माणसाला ते खायला उठेल.

६. तरीही अर्जदार पुराव्याअभावी थांबली होती. तो पुरावा आज सकाळी स्वतःच्या पायाने चालत आला. टर्मिनल उघडताच म्हण उमटली, "उसनी सुई, वावभर दोरा." महोदय, ही म्हण कोठल्याही पुस्तकात नाही. अर्जदाराची आई लोकांचे कपडे शिवायची. शेजारीण सुई उसनी नेई आणि आयती मिळाली म्हणून हाताला येईल तेवढा लांब दोरा ओवून बसे, त्यावरून आईने ही म्हण केली. ती आईच्या तोंडी होती आणि आईनंतर अर्जदाराच्या तोंडी आहे. तिसऱ्या माणसाला ती ठाऊक असण्याचा प्रश्नच येत नाही. तेव्हा म्हणी यंत्र निवडते हे सपशेल खोटे असून त्या घरातूनच पुरविल्या जातात, हे सिद्ध होते. सबब सुनेविरुद्ध चौकशी व्हावी, व ती पूर्ण होईपर्यंत तिच्या क्वार्टरच्या अर्जावर विचार करू नये.

७. येथपर्यंतचा मजकूर भांडारात बसून लिहिला. तक्रारीत पुराव्याचा उगम नमूद करावा लागतो, म्हणून सदर म्हण सुनेस कोठून कळली हे लिहावयास घेतले आणि पेन थांबले. ती अर्जदारानेच तिला ऐकविली होती. सुनेने अर्जदाराच्या शिलाई मशीनवर कक्षातल्या यंत्रांसाठी कापडी झाकणे शिवली होती आणि रीळ संपविले होते, तेव्हा. मग परिच्छेद तीन पुन्हा वाचला. अंगण वाकडे, हे सुनेच्या हातून दूध उतू गेले आणि शेगडी नीट चालत नाही असे ती म्हणाली त्या दिवशीचे. नाकापेक्षा मोती जड, हे तिचा पगार मुलापेक्षा वाढल्याचे कळले तेव्हाचे. सुंभ आणि पीळ, हे तर लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यातले. घड्याळभाऊंना आलेली म्हणही तपासली. ती सून तापाने अंथरुणाला खिळली होती तेव्हाची निघाली. अर्जदारास एकही म्हण परकी सापडली नाही. लिहिलेली नोंद खोडणे भांडाराच्या शिस्तीत बसत नाही, म्हणून वरील परिच्छेद जसेच्या तसे ठेवले आहेत.

८. संध्याकाळी घरी अर्जदाराने सुनेस विचारले की या सगळ्या माझ्याच म्हणी यंत्रात का भरल्यास. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "मग कोणाच्या भरू, आई? मी वसतिगृहात वाढले. तिथे घंटा वाजायची, म्हणी कोण सांगणार? साहेब म्हणाले, लोकांना सकाळी वाचायला काहीतरी टाका, नुसती कोरडी यंत्रभाषा नको. मला म्हणी येतात त्या तुमच्याच. बसून आठवल्या, तर पानंच्या पानं निघाली. सगळ्या कार्यशाळेला आवडतात त्या." मग म्हणाली, "मला रोज सकाळी चहाबरोबर मिळायच्याच. म्हटलं, इतरांनाही मिळू देत." या शेवटच्या वाक्यात टोमणा आहे किंवा नाही, याचा निर्णय अर्जदारास अद्याप करता आलेला नाही. ती हे बोलताना मान खाली घालून चिरत होती आणि सुरीचा आवाज एकसारखा येत होता. महिन्याभरात अर्जदारास जे इतके झोंबले, ते ही पोरगी लग्न होऊन आल्यापासून रोज सकाळी कामावर निघताना ऐकत आली आहे, एवढे मात्र लक्षात आले. अर्जदारास निदान वर अर्ज करता आला. तिने केला तो क्वार्टरसाठी.

९. फाइलबाबतही खुलासा झाला. होम म्हणजे यंत्रातली आपल्या नावाची जागा, राहते घर नव्हे. "मी पहिल्याच दिवशी सांगणार होते," सून म्हणाली, "पण ती फाइल फळीवर ठेवल्यापासून तुमचं सकाळी काही बोलणंच नाही. तोंड उघडता, तिच्याकडे बघता आणि मिटता. मग म्हटलं, राहू दे तिथेच." हे खरे आहे. ते टिंब डोळ्यांसमोर आले की अर्जदारास त्या यंत्राचा राग येत असे, आणि त्या रागाच्या भरात जिभेवर आलेली म्हण परत जात असे. यंत्र बोलत राहिले, पण घर गप्प झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघताना सून चपला घालून दारात उभी राहिली. निघाली नाही. म्हणाली, "आई, आजही काहीच नाही?" अर्जदाराच्या तोंडी त्याही वेळी एक म्हण होती. ती गिळून तिने सुनेला छत्री घेऊन जायला सांगितले. तिने घेतली. क्वार्टरचे काय झाले हे अर्जदाराने विचारले नाही. तिला उत्तराची भीती वाटते.

१०. सबब नम्र विनंती येणेप्रमाणे. विषयात नमूद केलेली चौकशी करू नये, हात कोणाचा होता ते समजले आहे. टर्मिनलवरील संदेश बंद करू नयेत. अर्जदारास ते रोज वाचावयाचे असून, कोणती म्हण कोणाला केव्हा बोलली गेली हे आठवावयाचे आहे. परिच्छेद सहामधील क्वार्टरविषयीची मागणीही मागे घेण्यात येत आहे. सुनेचा अर्ज रीतसर आहे, तो अडवू नये व फेटाळूही नये. मात्र अर्जदाराने या कार्यालयात उभा जन्म काढला असून येथे कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला किती वेळ घेतो हे तिला ठाऊक आहे. त्याबद्दल तिने आजवर पुष्कळ नावे ठेवली. या एका प्रकरणी आपण आपली नेहमीची चाल सोडू नये, कोणी घाई केली तरी "बघू" म्हणावे. सासूला गप्प राहण्याचा सराव नाही. तो व्हायला थोडा अवधी लागेल. तेवढा अवधी मिळाला, आणि त्यानंतरही सुनेस जावेसे वाटले, तर अर्जदार स्वतः सामान बांधायला दोरी देईल.

आपल्या दिरंगाईवर प्रथमच भिस्त ठेवून असलेली,

(सही)
भांडारपाल, मुख्य भांडार

दिनांक: आवक शिक्क्याप्रमाणे धरावा. शिक्का उशिरा मारला तरी हरकत नाही.

सहपत्रे:
१) टर्मिनलवर उमटलेल्या म्हणींचा उतारा. (पुरावा म्हणून धरू नये.)
२) पुठ्ठ्याची रिकामी फाइल, वर टिंब असलेली, नग एक. (जोडलेली नाही. घरी लागते.)