बावीस नंबरची फ्रेम

प्रिय दादा,

तुझं पत्र येऊन अकरा दिवस झाले. उत्तर तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा फाडलं. प्रत्येक वेळी मी स्वतःला जरा बरी दाखवत होते.

बाबांच्या खोलीतल्या प्रयोगांबद्दल तू विचारलं होतंस. शेवटच्या महिन्यात त्यांना उजेड सोसेना, म्हणून भर दुपारीही पडदे ओढलेले असायचे. फ्लॅशचं तर नावच नको. एवढ्या कमी उजेडात भागावं म्हणून चारशे स्पीडची फिल्म मी बत्तीसशेची समजून वापरायचे आणि धुताना ती डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायचे. पहिले दोन रोल नुसती काजळी निघाले. बाबा म्हणाले, या उजेडात मांजरसुद्धा चाचपडेल, तू फोटो कसले काढतेस! पण मग स्वतःच वेळा सांगू लागले, केमिकल किती गरम हवं, फिल्म धुवायचा डबा किती वेळा उलटायचा. आयुष्यभर स्टुडिओ चालवलेला माणूस, आजार विसरायला त्यांना एवढं पुरायचं. एक मात्र बजावायचे: जास्त धुतल्याने उजळ भाग आणखी उजळतो, सावलीत जे उतरलंच नाही ते कितीही धुतलंस तरी येत नाही.

मी आनंदात होते, दादा. हे लिहायला लाज वाटते. घरात माणूस जात होता आणि मी रोज नवा रोल भरत होते.

त्या दुपारी कॅमेरा स्टुलावर ठेवला होता. शटर सेकंदाच्या आठव्या भागाचं, म्हणजे समोरचा जरा हलला तरी फोटो फुकट. बाबांनी उजवा हात उचलला. एकोणीस, वीस, एकवीस, तिन्ही फ्रेममध्ये तो हात पुसट झालाय. मी वैतागले. म्हणाले, "हलू नका ना, बाबा. एकच."

जन्मभर त्यांनी दुसऱ्यांना हेच सांगितलं. पासपोर्ट फोटोवाल्यांना म्हणायचे, हसू नका, सरकारला हसरा माणूस ओळखता येत नाही. त्यांनी हात खाली घेतला, हनुवटीसुद्धा किंचित वर केली. बावीस नंबरची फ्रेम लख्ख आली, पापणीन् पापणी मोजावी अशी.

ते शेवटचं चित्र होतं. रोल गुंडाळला आणि थेट बाथरूममध्ये धुवायला गेले. मनात एवढंच, की ओली निगेटिव्ह त्यांना दाखवायची. बाहेर यायला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागली असतील. तोवर सगळं आटोपलं होतं.

मी फोनवर तुला सांगितलं, मी उशाशी होते. नव्हते. मधे एक भिंत आणि चालू नळ होता. त्यांनी हाक मारली असेल तर ती मला ऐकू आलेली नाही.

हात कशासाठी उचलला होता, हे मी भिंगातून रोज शोधते. पाणी हवं होतं, का मला जवळ बोलवत होते, का नुसतीच माशी वारत होते? हात जिकडे जातोय तिथे फिल्म कोरी आहे.

तू लिहिलंस, मी पाठवलेल्या त्या बावीस नंबरच्या फोटोत बाबा किती शांत दिसतात, रोज बघून जिवाला बरं वाटतं, मोठा करून दिवाणखान्यात लावायचाय, निगेटिव्ह पाठव. ते शांत नाहीत, दादा. ते माझं ऐकताहेत. हे सांगून मी तुझा एकुलता एक दिलासा हिसकावते आहे, आणि त्यात माझं ओझं हलकं करायचा स्वार्थ नाही, असं छातीठोकपणे म्हणवत नाही. पण तू रोज त्या चेहऱ्यासमोर बसणार आणि मला सगळं ठाऊक असणार, हे मला जमणार नाही. सोबत पट्टी पाठवते आहे, चारही फ्रेम आहेत. बावीस वेगळी कापायला कात्री घेतली होती, ती ठेवून दिली. डावीकडून बघ. मग लावायचा की नाही ते ठरव, आणि माझ्याशी बोलायचं की नाही तेही.

तुझीच,
छोटी