चष्मेवाल्याची मुलगी

ता. ४ जून
चि. धाकट्यास,
अनेक दुआ, वि. वि.
तुझी लेक काल एकटीच येऊन माझ्या शिवणाच्या मशीनपाशी उभी राहिली. संध्याकाळी तिने सगळं सांगितलं.

शुक्रवारी तू मशिदीत मुलं कशी वाढवावीत यावर बोललास म्हणे. एका चष्मेवाल्याची मुलगी नमाजाआधी वुजूचे हातपाय न धुताच नुसत्या बाह्या ओल्या करून येते आणि नमाज पढले म्हणून खोटं सांगते, हे उदाहरण दिलंस. नाव घेतलं नाहीस, पण गावात चष्म्यांचं दुकान तुझं एकच. वर बायकांच्या सज्ज्यात पोर बसली होती, सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. पंधरा वर्षांची आहे रे. त्यात आई नाही. मला इतका संताप आलाय की सकाळपासून दोन बाह्या उलट्या जोडल्या.
लोभ आहे, पण आज कडू.
तुझी आपा

ता. ९ जून
आपास सलाम, वि. वि.
तू राईचा पर्वत करतेस. दुसऱ्याचं उणं काढलं नाही, पोटच्या पोरीचंच उदाहरण दिलं. लोक मन लावून ऐकत होते. तिच्या आईमागे मी तिला एकट्याने वाढवलं, मला का तिची माया नाही? घर खायला उठतं. जेवायला अजूनही दोन ताटं काढतो. शाळा सुरू व्हायच्या आत पाठव. तिथे नमाज पढते ना, तेवढं कळव.
लोभ पातळ करू नकोस.
तुझा धाकटा

ता. १३ जून
चि. धाकट्यास दुआ, वि. वि.
माणसाने दुसऱ्याचा ऐब झाकावा, हे तूच वर्षानुवर्षं सांगतोस. मग स्वतःच्या पोरीचा तेवढा उघडा टाकायचा? लहानपणी तू रोजा धरून माठाआड पाणी प्यायचास. अब्बांनी पाहिलं आणि माठाकडे पाठ करून उभे राहिले, दुसऱ्या कुणाला दिसू नये म्हणून. पुढे तू आपणहून रोजे धरलेस.

तिची माफी माग. बॅग भरून बसली आहे. अब्बू आले तर जाईन म्हणते.
तुझी आपा

ता. २० जून
आपास सलाम, वि. वि.
तुझं पटलं. परवा भरल्या मशिदीत उभा राहिलो आणि माझ्या मुलीची माफी मागितली. ती खोटं का बोलली, मी कुठे चुकलो, सगळं उघड सांगितलं. बापमाणसं रडली, मला उराशी धरलं. मन हलकं झालं. रविवारी न्यायला येतो. नमाजचं तू कळवलं नाहीस.
लोभ वाढवावा.
तुझा धाकटा

ता. २२ जून
चि. धाकट्यास दुआ, वि. वि.
रविवारी येऊ नकोस. तुझ्या पत्राआधीच तिकडच्या बायकांचे तिला फोन आले, तुझे अब्बू काय सुंदर बोलले म्हणून. पोरीने ऐकून घेतलं आणि बॅगेतले कपडे काढून माझ्या कपाटात लावले. माफी तिच्यासमोर मागायची होती. तू ती गावासमोर मागितलीस, आणि गावाने दिलीही. तिला इथल्याच शाळेत घालते आहे.

ती नमाज पढते का, हे तू दोनदा विचारलंस. मला ठाऊक आहे. तुला सांगणार नाही.
लोभ आहेच, तो मागायला नको.
आपा