पाटलांच्या नावापुढची ओळ

३ जुलै
वरून फॉर्म आला. कोणत्या अन्न निरीक्षकाला कसलं प्रशिक्षण हवं, नावानिशी कळवा. कदम साहेबांनी माझ्याकडे ढकलला. "दोन दिवसांत भरा मॅडम. फार खोलात जाऊ नका."
आम्ही चौघं. अख्खं पनवेल, वर तळोजा.

४ जुलै
एकेकाला विचारलं. दोघं म्हणाले, काही नको, चहा सांगा.
पाटील सगळ्यांत जुने. पनीर बोटांत चुरगाळून भेसळ सांगतात, लॅब नंतर तेच म्हणते. दार लोटून घेतलं त्यांनी. "नवीन नियम सगळे इंग्रजीत. मला वाचता येत नाय. मुलीकडून वाचून घेतो. तुमालाच सांगतो हां."

५ जुलै
लिहिलं. पाटील: नियम मराठीतून शिकवावेत. माझ्या नावापुढे: नमुना टिकवणं. मे महिन्यात लग्नातल्या बासुंदीने पोरं आजारी पडली, तो नमुना माझ्याच हातून नासला. बर्फ कमी घातला. केटरर सुटला.
खरं लिहिलं तर शिकवतील. त्यासाठीच तर फॉर्म.

११ जुलै
कदम साहेबांनी माझी ओळ खोडून फॉर्म पाठवला. "उद्या कुणी बोट ठेवलं तर ऑफिसची लाज जाईल." पाटलांची ठेवली. तीही छाटून 'इंग्रजी येत नाही' एवढीच.
भांडले नाही. का नाही...

२४ जुलै
फॉर्मातल्या त्या ओळीवरून पाटलांना तपासणीवरून काढलं. रेकॉर्ड रूममध्ये टाकलं. जिन्यात भेटले. "मी तुमाला एकटीला सांगितलेलं, मॅडम." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

२ ऑगस्ट
प्रशिक्षण झालं एकदाचं. वाशीला, एसी हॉल. विषय: हसतमुख राहून काम. दोन तास टाळ्या वाजवल्या. प्रमाणपत्रावर माझं नाव चुकलंय.

९ ऑगस्ट
तळोज्याच्या एका कारखान्यात कँटीनचं जेवून कामगार उलट्यांनी बेजार. निघण्याआधी पाटलांकडे गेले. "चला ना बरोबर. परत माझ्याकडून चुकलं तर?"
"ऑर्डर नाय."
मग फाइल बाजूला सारून कागदावर लिहून दिलं, कशानंतर काय करायचं. माझ्याकडे बघितलं मात्र नाही.

१० ऑगस्ट
नमुना लॅबला नीट पोचला. रिपोर्ट यायचाय.
सकाळी मुख्य ऑफिसच्या नावे पत्र दिलं: बासुंदीची चूक माझी, माझी ओळ खोडली गेली, पाटलांना तपासणीवर परत घ्या. कदम साहेबांनी वाचून खणात टाकलं. "नोकरी जाईल तुमची. सोमवारपर्यंत विचार करा."
दुसरी प्रत पर्समध्ये आहे, पाकिटाला पोस्टाचं तिकीट लावून. घरी यांना काही बोललेले नाही. एस.टी. स्टँडवर बसून लिहितेय. पोस्ट पाचला बंद होतं. पावणेपाच झालेत.