दुसरी ओळ अजून रंगवायची होती

३ तारीख, सोमवार
चावलं! आणि कुठे — दवाखान्याच्या भिंतीवर ‘प्राणी चावल्यास काय करावे’ ही पाटी रंगवताना! पहिली ओळ पूर्ण झाली होती : ‘जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा.’ शिडीवरून उतरलो, तर एक भटकं पिल्लू लाडात आलं आणि पोटरीला चावलं. रक्त! तडक नळावर गेलो. घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुतलं.

दुसरी ओळ ‘त्याच दिवशी लस घ्या’. ती अजून रंगवली नव्हती. म्हणजे मला लागू नाही.

तीन मजल्यांच्या शिडीवर बिनधास्त चढतो मी. सुई दिसली की मात्र हातपाय गार. बायकोला सांगितलं, खिळा लागला.

४ तारीख
‘लस’मधला ल फार सुरेख आला. बाकीची ओळ उद्यावर ढकलली.

५ तारीख
चहावाला म्हणाला, “दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवायची. ठणठणीत राहिलं तर झालं!” देवासारखा धावून आला. खात्रीसाठी नर्सबाईंना विचारलं — “माझ्या एका मित्राला चावलंय...”

“मित्राला आत्ताच्या आत्ता पाठवा! नजर ठेवा, पण लस सुरू करून!”

मित्र बाहेरगावी गेलाय, म्हटलं. पिल्लाला रंगाच्या रिकाम्या डब्यात घालून घरी आणलं. नजर ठेवायची तर जवळून ठेवावी! धाकट्या लेकीने त्याचं नाव ‘डबा’ ठेवलं.

६ तारीख
डबा पाणी पितो का, चालतो कसा, दिवसभर बघत बसलो. पाटी तशीच राहिली. बायको म्हणाली, “माझी तब्येत कधी अशी विचारलीत?” मी डब्याच्या वाटीत पाणी ओतलं.

संध्याकाळी धाकटीने पोटरीवरच्या दातांच्या खुणा बघितल्या. म्हटलं, “आईला सांगायचं नाही हं. उगाच घाबरेल.” शहाणी आहे पोर, लगेच मान डोलावली.

७ तारीख
दवाखान्याच्या बाकावर लिहितोय. सकाळी वेणी घालताना बायकोला धाकटीच्या मनगटावर दाताचा ओरखडा दिसला. काल रात्री डब्याने चावा घेतला होता. धुतलंही नाही पोरीने.

“बोलली का नाहीस गं?” मी विचारलं.

“आईला सांगायचं नाही म्हणालात ना.”

नर्सबाईंनी सुई भरली. बाही वर करून मी पुढे झालो. “आधी मला द्या. ती बघतेय.”