जुन्या मापाचं यंत्र

मंगळवार, ता. १४

तीर्थरूप बाबा,
साष्टांग नमस्कार.

मी इकडे खुशाल आहे. पोट एकदाच बिघडलं, तेही स्वतःच्या हातच्या स्वयंपाकाने, त्यामुळे कुणाला बोल लावायची सोय नाही. आईचे गुडघे कसे आहेत? तुमचं सकाळचं फिरणं चालू असेलच.

आमचं शिबिर काल संपलं. सहा आठवड्यांत चारशे बारा माणसांना कानाची यंत्रं बसवली. सुट्टीत रिकाम्या पडलेल्या शाळेचे तीन वर्ग आम्हाला दिले होते. आज सकाळपासून सामान बांधतोय. खोलीत माझ्याबरोबर दातांचे डॉक्टर आहेत. माणूस देव आहे, पण घोरतो असा की शेजारच्या वर्गातली बाकं हलावीत. ते उद्या निघतील आणि मी शनिवारी पोचेन. हे पत्र त्यांच्याबरोबर देतोय, म्हणजे ते माझ्याआधी तुमच्या हातात पडेल. मला तसंच हवं आहे.

याआधीच्या तिन्ही पत्रांत मी नुसतं हवापाणी लिहिलं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत, आणि देणार तरी काय म्हणा, तिकडचं हवापाणी?

इथला सगळा कारभार एका नर्सबाईंच्या हातात होता. साठी उलटलेली, ठेंगणी, आवाज खणखणीत. आम्ही बाहेरून आलेले लोक त्यांना आपसांत हेडमास्तर म्हणायचो. त्यांचा एक नियम होता. यंत्र बसवलं की माणसाला लगेच सोडायचं नाही. बसवणाऱ्याने अर्धा तास त्याच्याशेजारी गप्प बसायचं. ‘ऐकू येतंय का?’ असंही विचारायचं नाही. कुणी खुर्ची सरकवतं, नळ वाहतो, कुणी खोकतं, ते त्याचं त्याला ऐकू द्यायचं आणि आपण त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं. मला हा वेळेचा सत्यानाश वाटला. तिकडे माझ्या यंत्रांच्या दुकानात मी एका माणसाला बारा मिनिटांत वाटेला लावतो, हे तुम्ही पाहिलंच आहे. हेडमास्तरांची पाठ फिरली की मी हळूच पुढच्या माणसाकडे सरकायचो.

चौथ्या आठवड्यात एक म्हातारे गवंडी तिसऱ्यांदा परत आले. यंत्र हातात, कपाळाला आठ्या. आमच्या दुभाष्या म्हणजे याच शाळेतल्या बाई.

“आवाज टोचतो म्हणतात,” त्या म्हणाल्या.

“सवय होईल म्हणावं.”

“हे तुम्ही परवाही म्हणालात. त्याच्या आधीही म्हणालात.”

एवढ्यात हेडमास्तर आल्या. त्यांनी गवंड्यांचं कार्ड मागून घेतलं आणि चाचणीच्या तारखेवर बोट ठेवलं. तारीख गेल्या वर्षीच्या शिबिराची होती. कार्डावर आकडे तयार होते, रांग दाराबाहेर गेली होती, म्हणून मी तेच धरून यंत्र लावलं होतं. गेल्या वर्षी गवंड्यांचा कान वाहत होता, त्यामुळे फारच कमी ऐकू यायचं. पुढे औषधाने कान सुकला, ऐकणं बरंच सुधारलं. मी मात्र यंत्राचा जोर त्या आजारी कानाला लागेल तेवढा ठेवून दिला होता.

हेडमास्तर रागावल्या नाहीत. दुभाष्या बाईंना मला एवढंच सांगायला लावलं, “या माणसाने तीनदा सांगितलं. तुमच्याकडे कितीदा सांगावं लागतं?”

मी पुन्हा चाचणी घेतली, यंत्र नीट लावलं आणि अर्धा तास त्यांच्याशेजारी बसलो. त्यांची बायको मागच्या बाकावर होती. तिने काहीतरी विचारलं आणि गवंड्यांनी मागे वळून न बघता उत्तर दिलं. मी उठून व्हरांड्यात गेलो. मला रडू आवरेना.

बाबा, आता खरं ते लिहितो.

तुमच्या पंच्याहत्तरीच्या दोन दिवस आधी तुम्ही दुकानात आलात. बाहेर दहा माणसं बसली होती. मला वाटलं, हे घरचे, यांचं काय, कधीही करता येईल. फाइलमध्ये तुमची तीन वर्षांपूर्वीची चाचणी होती. त्या वेळी तुम्हाला जबर सर्दी होती आणि कानात मळ साचला होता. नंतर मीच डॉक्टरांकडे नेऊन तो काढून आणला. तरीही मी तीच चाचणी समोर ठेवली आणि यंत्र लावून तुम्हाला बाहेर काढलं.

तुम्ही शिवणकाम करायचात तेव्हा वकीलसाहेब घाईत कापड टाकून जायला लागले की तुम्ही मशीनवरून उठून दारात आडवे उभे राहायचात. “साहेब, सहा महिन्यांत माणूस बदलतो. हात वर करा.” जुन्या मापावर तुम्ही आयुष्यात एक शर्टही कापला नाहीत. आणि मी तुमचं माप घेतलंच नाही.

मग तो कार्यक्रमाचा दिवस. ताटं वाजत होती, पोरं किंचाळत होती. तुम्ही मला बाजूला ओढून म्हणालात, “अरे, दुखतंय रे.” असं तीनदा म्हणालात. शेवटी यंत्र काढून टेबलावर ठेवलंत, तेव्हा मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, “बाबांना ऐकायचंच नाहीये. नुसता हट्टीपणा!” मामा हसले, भावजी हसले. तुम्हाला शब्द कळले नसतील, पण चेहरे दिसले. तुम्ही आत जाऊन पडलात. तेव्हापासून तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, आणि मी ‘म्हातारपणीचा राग’ म्हणून सोडून दिलं, असं सगळ्यांना सांगत आलो.

एवढंच असतं तर चूक म्हणून पदरात घेता आली असती. पण एवढंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात फाइल उघडली आणि तारीख बघितली. तेव्हाच मला कळलं. घर दहा मिनिटांवर होतं. मी फाइल मिटून कपाटात ठेवली. लोकांनी विचारलं, वडिलांना यंत्र लावलंत का, तर मी हसून म्हणायचो, “लावलं हो, पण वापरतील तर शपथ!” असे आठ महिने काढले. मग परदेशात सेवेला निघालो. वर्तमानपत्रात माझा फोटोही आला.

गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला होता. आई तुम्हाला पाटीवर लिहून सगळं सांगायची, ते आता बंद झालंय म्हणाली. आईची बोटं आखडलीत, खडू धरवत नाही. ओरडायला गेली की खोकल्याची उबळ येते. म्हणजे एका घरात तुम्ही दोघं दिवसभर मुकाट्याने बसता. हे मी केलंय, बाबा. मला याची लाज वाटते.

समोर आल्यावर सांगावं असं ठरवलं होतं. पण तुम्हाला काही सांगायचं तर ओरडावं लागतं, आणि माफी काही ओरडून मागता येत नाही.

रविवारी अकरा वाजता ताई, भावजी आणि मामांना घरी बोलावलंय. आईला काही करू देऊ नका, चहा मी करेन. तुमच्या कानाला हात लावण्याआधी मी त्यांना सांगणार आहे, “चूक बाबांची नव्हती. माझी होती, आणि ती मला दुसऱ्याच दिवशी कळली होती.” तुम्हाला त्यातलं काही ऐकू येणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवलं. त्यांचे चेहरे या वेळी माझ्याकडे वळतील, ते तुम्ही बघा.

त्यानंतर चाचणीला बसायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. माझ्याकडे नको असेल तर दुसऱ्या चांगल्या माणसाकडे घेऊन जाईन आणि बाहेर नंबर लावून बसेन. माझ्याकडे बसलात तर दुकान दिवसभर बंद ठेवेन. आणि कुठे टोचलं, दुखलं, तर एकदाच सांगा.

तुमचा,
थोरला