जादा फर्मा

३ फेब्रुवारी
आज या परगावच्या वाचनालयात बाइंडर म्हणून रुजू झालो. कामाला आणि राहायला मागची खोली मिळाली. उजेड छान, खळ, सुया, दोरा सगळं जागच्या जागी. ग्रंथपालबाईंनी चहा पाजला. या वयात कोण विचारतं?
निघताना नेहमीसारखं कुलूप तीनदा ओढून पाहिलं. त्याशिवाय माझा पाय निघत नाही.
ही आली नाही. घर महिनाअखेर पाडणार, शेजारी गेले, नळही तोडले, तरी ही पाठ फिरवून बसली. म्हणाली, तुम्ही जा, मी हलायची नाही. मीही चिडून बाहेर पडलो. आठ दिवसांनी जाऊन समजूत काढेन.

५ फेब्रुवारी
पहिलं काम एका कादंबरीचं. सोळा-सोळा पानांचे बारा फर्मे, सगळे नव्याने शिवले. एक बाई घर सोडत नाही, एवढीच गोष्ट. ग्रंथपालबाई म्हणाल्या, वाचक वैतागतात, दार उघडून चालू लागायला हिला काय धाड भरली आहे. मी बोट ठेवून ठेवून वाचली. निराशाच झाली. मधेच संपते.

७ फेब्रुवारी
फर्मे तेरा भरले. पुन्हा मोजले, तेराच. जादा फर्म्याला दुहेरी गाठ आहे. अशी गाठ फक्त ही मारते. चाळीस वर्षं माझे फर्मे तिनेच शिवले.
नव्या पानांत बाईच्या घरातलं पाणी संपतं.

८ फेब्रुवारी
चौदा. बाई शेजाऱ्यांना हाका मारते. कुणी नाही.
ग्रंथपालबाई म्हणाल्या, आजोबा, आधी चष्मा बदला.

९ फेब्रुवारी
पंधरा. बाईचा राग गेलाय. गाठोडं बांधलंय, नवऱ्याकडे जायचं म्हणते. दार ओढते. एकदा, दोनदा, तीनदा.
तीनदा—
कोटाच्या खिशात हात घातला. घराची किल्ली माझ्याकडे. दुसरी किल्ली नाही. तिथे फोन नाही. ती आत होती आणि मी सवयीने बाहेरून कुलूप—

१० फेब्रुवारी
पहिल्या गाडीत बसलोय. पुस्तक मांडीवर. सोळावा फर्मा आलाय, त्यात एकच ओळ. बाई दाराशी बसून म्हणते, वेंधळा आहे, पण येईल.
पुढे कोरं.
गाठीपाशी दोऱ्याचं टोक ओलं आहे. ही सुईत ओवताना तोंडात धरायची. ओलं म्हणजे अजून वेळ आहे. दर थांब्याला बोट लावून बघतो.
ओलं आहे.
ओलं आहे.
दोन थांबे उरले. आता जरा—